मालदीव की मॉरिशस? डॉल्फिन-देवमाशांसाठी कुठे, कधी

ठाणे-नवी मुंबईकरांच्या सुट्ट्या ठरलेल्या, म्हणून आधी महिना बघा. गणपतीत जमत असेल तर डोळे झाकून मॉरिशस. हंपबॅक देवमासे अंटार्क्टिकच्या गार पाण्यातून विणीसाठी इकडे येतात आणि जुलै ते ऑक्टोबर दिसतात. तेव्हा आग्नेयेचा वारा जोरात असतो. होडी पश्चिम किनाऱ्यावरूनच घ्या, बेटाचा आडोसा मिळतो. शिवाय तिथे तळ किनाऱ्याजवळच खोल उतरतो, त्यामुळे खोल पाण्यात शिकार करणारे स्पर्म व्हेल जातीचे देवमासेही दिसू शकतात. बोट लागत असेल तर गोळी तासभर आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी चालत नाही.

नाताळात मालदीव. डिसेंबर ते एप्रिल समुद्र त्यातल्या त्यात शांत. स्पिनर डॉल्फिन मात्र बाराही महिने: रात्री बाहेर खोल पाण्यात शिकार, सकाळी प्रवाळरांगेतल्या खिंडींतून आत विश्रांतीला, ऊन कलल्यावर परत बाहेर. म्हणून फेरी संध्याकाळची घ्या. मॉरिशसला उलट, भल्या सकाळी तामारिनच्या उपसागरात जा. उशीर झाला की होड्यांची गर्दी होते. विश्रांती घेणाऱ्या कळपाच्या मागे लागणारा होडीवाला कृपया घेऊ नका. इंजिन मंद ठेवून बाजूने जाणारा निवडा, कळप जास्त वेळ थांबतो.

मे महिन्यात हंपबॅक पोचलेले नसतात आणि मालदीवला पावसाळी वारे सुरू होतात. तेव्हा फक्त डॉल्फिनच धरून चला.