जुन्या स्कूटरचा ब्लॉक: बोअर करावा की नवा किट घ्यावा?

टू-स्ट्रोक इंजिन पहिल्यांदाच घरी उघडलंय आणि ब्लॉकमध्ये (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) चरे दिसताहेत, तर अडतं इथेच: ब्लॉक आतून कापून थोडा मोठा करायचा (बोअर) की नवा ब्लॉक आणि पिस्टनचा संच (किट) घ्यायचा?

खर्चात बोअरिंग बहुधा स्वस्त. मूळ बिडाचा ब्लॉक आणि त्याचे पोर्ट (भिंतीतली वायू आत-बाहेर जाण्याची भोकं) कायम राहतात, म्हणून कार्बोरेटरच्या मूळ जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) गाडी चालते. फक्त ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकसोबत कारागिराला द्या. पिस्टन आणि भिंतीमधला गॅप त्या पिस्टनवरूनच ठरतो. परत आल्यावर पोर्टच्या कडा बोटाने तपासा. धार राहिली असेल तर पिस्टनची रिंग अडकून तुटते.

किटमध्ये मेहनत कमी, पण दर्जा बेभरवशाचा. रिंग ब्लॉकमध्ये सरळ सरकवून टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) मोजाच. सीसी वाढवणारा किट असेल तर मेन जेट मोठा लागतो, नाहीतर मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) पिस्टन धरतो, म्हणजे ब्लॉकमध्ये जाम होतो.

(क्रँकचा ऑइल सील गळका असेल तर तिथून हवा शिरून मिश्रण पातळ होतं आणि दोन्ही पर्याय वाया. पिस्टनची पिन अडवणाऱ्या सर्कलिप नव्याच टाका.)

ब्लॉकला तडा नसेल आणि चांगला कारागीर हाताशी असेल तर बोअर. ब्लॉक शेवटच्या ओव्हरसाइझपर्यंत आधीच बोअर झाला असेल तर मूळ मापाचाच किट. मोठा किट नवशिक्याने पहिल्या इंजिनात घालू नये.