ना नफा, ना तोटा, ना लेखक

छंदी माणसांच्या संस्थेत कोणी कोणाला फसवत नाही, असा आपल्याकडे एक गोड समज असतो. तिथे कोणाला पगार नाही, सगळे हौसेने राबतात, मग फसवेल कोण आणि कशाला? या समजाच्या आडून लेखकाला कसे गुंडाळतात ते माझ्या पुस्तकाच्या निमित्ताने सांगतो. संस्थेचे नाव घेत नाही. नावापेक्षा पद्धत कळलेली बरी.

पुस्तक टपाल शिक्क्यांवरचे. कोणता शिक्का कोणत्या कार्यालयाचा, कोणत्या प्रकारचा, तो वापरात असल्याची सर्वांत आधीची आणि सर्वांत शेवटची तारीख कोणती, एवढेच जुळवायला वर्षे जातात. कव्हर (लिफाफ्याला आम्ही संग्राहक कव्हरच म्हणतो) भिंगाखाली धरून तारीख वाचायची, शिक्क्याचा व्यास मोजायचा, नोंद करायची. उद्या कोणाकडे त्याआधीची तारीख निघाली की जुनी नोंद खोडायची. वाचक मोजके, त्यामुळे बाजारातला प्रकाशक अशा पुस्तकाला हात लावत नाही. म्हणून संस्था पुस्तके काढतात आणि त्यात गैर काहीच नाही. त्या नसत्या तर यातली बरीचशी पुस्तके वहीतच राहिली असती.

संस्थेच्या प्रकाशन समितीने ईमेलवर कळवले होते : मानधन नाही, पण छपाईचा खर्च निघाला की पुढची रक्कम निम्मी-निम्मी. मला ते मान्य होते. मग छपाईच्या ऐन घाईत एक अर्ध्या पानाचा फॉर्म आला, ‘आयएसबीएनसाठी लागतो’ म्हणून. त्यात मधेच एक ओळ : मजकूर, चित्रे व तक्ते यांचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील. आयएसबीएनसाठी लेखकाने हक्क लिहून देण्याची काहीही गरज नसते. 2007 पासून 13 अंकी झालेला तो क्रमांक पुस्तकाची ती आवृत्ती आणि तिचा प्रकाशक ओळखण्यापुरता असतो. हक्क कोणाचे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. मी त्या ओळीवर काट मारली, तिच्याशेजारी सही केली आणि फॉर्मची प्रत ठेवून घेतली. एवढे करूनही पुढचे घडायचे ते घडलेच.

500 प्रती संपल्या. हिशेब मागितला, तर उत्तर आले, ‘खर्च अजून निघालेला नाही.’ बराच पाठपुरावा केल्यावर एक पानी तक्ता मिळाला आणि तो वाचण्यासारखा होता. छपाईच्या बिलाखाली वार्षिक मेळाव्यातल्या स्टॉलचे भाडे, संस्थेच्या वेबसाइटचा खर्च, समिती सदस्यांना दिलेल्या भेटप्रती, त्याही पूर्ण छापील किमतीने खर्चात धरलेल्या. पण खरी गोम वेगळीच होती. नवा आजीव सभासद झाला की त्याला हे पुस्तक ‘मोफत’ मिळायचे. जाहिरातच तशी होती आणि तिच्यामुळे सभासद वाढलेही. त्यांची वर्गणी जमा झाली वर्गणीच्या खात्यात. पुस्तकाच्या खात्यात ती प्रत दिसते फुकट वाटलेली म्हणून. म्हणजे माझ्या पुस्तकाच्या जिवावर संस्थेची गंगाजळी वाढली आणि पुस्तक मात्र तोट्यात. कागदोपत्री सगळे चोख, हिशेबतपासनीसालाही बोट ठेवायला जागा नाही.

छापखान्याचे पैसे वेळेवर गेले. मांडणी करणाऱ्याचे गेले, कुरियरवाल्याचेही गेले. तीही माणसे छंदी संस्थेचेच काम करत होती, पण त्यांना कोणी ‘सेवा समजा’ म्हटले नाही. ते ऐकायला फक्त लेखक.

पैशाचे मी सोडूनही दिले असते. पण मग दुसरी आवृत्ती आली आणि ती मला कळली एका संग्राहक मित्राच्या अभिनंदनाच्या फोनवरून. मुखपृष्ठावर ‘संपूर्ण सुधारित’. आत ‘संकलन : प्रकाशन समिती’. माझे नाव ऋणनिर्देशात, मेळाव्यासाठी सभागृह मिळवून देणारे गृहस्थ आणि मुद्रिते तपासणारे गृहस्थ यांच्या मधोमध. सुधारणा किती झाली होती म्हणाल, तर पहिल्या आवृत्तीत एका दुर्मीळ शिक्क्याच्या तारखेपुढे मी कंसात प्रश्नचिन्ह टाकले होते, कारण मूळ कव्हर तेव्हा पाहायला मिळाले नव्हते. ‘सुधारित’ आवृत्तीत ते प्रश्नचिन्ह जिथल्या तिथे. मधल्या काळात ते कव्हर मी पाहिले होते, तारीख पक्की झाली होती. कोणी एक फोन केला असता तर सांगितली असती.

तक्रार केल्यावर उत्तर मिळाले, ‘तारखा काय कोणाच्या मालकीच्या असतात?’ असले उत्तर चटकन पटते, म्हणून जरा थांबून पाहा. निव्वळ तथ्यांवर कॉपीराइट नसतो, हे खरे आहे. टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये हेच सांगितले. पण त्याच निकालात असेही आहे की माहितीची निवड आणि मांडणी यांत स्वतःची कल्पकता असेल तर त्या निवड-मांडणीला संरक्षण मिळते. शिक्क्यांचे वर्गीकरण माझे, प्रत्येक प्रकारावरचे विवेचन माझे, आणि उचलले होते ते वर्गीकरण आणि विवेचनच, शब्दही न बदलता.

नावाचे तर याहून स्पष्ट आहे. लेखकांच्या हक्कांविषयीच्या 1886 च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात 1928 साली एक कलम घातले गेले : आर्थिक हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा लेखकाचा हक्क उरतो. मात्र देशोदेशीच्या कायद्यांत त्याची अंमलबजावणी सारखी नाही. ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यानुसार हा हक्क लेखी बजावून ठेवावा लागतो. तिकडच्या पुस्तकांच्या चौथ्या पानावर त्या अर्थाची ओळ दिसते ती त्यासाठीच. आपल्या पुस्तकात ती घालून घ्यायला दमडी लागत नाही.

कळस पुढेच आहे. ती दुसरी आवृत्ती संस्थेने टपालसंग्रहाच्या एका प्रदर्शनाच्या साहित्य विभागात, म्हणजे या विषयावरच्या पुस्तकांच्या स्पर्धेत, पाठवली आणि पदक आणले. आंतरराष्ट्रीय फिलाटेली (टपाल तिकिटांचा संग्रह आणि अभ्यास) महासंघाची या विभागाची गुणपद्धत अशी आहे : 100 पैकी 40 गुण विषयाच्या हाताळणीला, 40 मौलिकता, महत्त्व आणि संशोधनाच्या खोलीला, 15 तांत्रिक बाबींना, 5 सादरीकरणाला. समितीने स्वतः काय केले असेल तर ते शेवटच्या 5 गुणांचे. तेही पैसे देऊन करून घेतलेले.

सध्या माझ्याकडे मूळ टंकलिखित, स्कॅन, तो ईमेल आणि काट मारलेला फॉर्म आहे. मांडणीची फाइल मिळत नाही, ‘ती संस्थेच्या पैशाने झाली’ म्हणतात. लेखी नोटीस दिल्यावर ‘घरातल्या घरात मिटवू’ असा निरोप आला. पण त्यानंतरच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय नव्हता.

दरम्यान याच समितीने दुसऱ्या एका अभ्यासकाकडे हस्तलिखित मागितले. त्याने मला विचारले, तेव्हा कागदावर काय काय आणायचे ते सांगितले : खर्च म्हणजे नेमकी कोणती बिले, सभासदांना दिलेली प्रत विक्रीतच धरायची, मुखपृष्ठावर आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीवर लेखकाचे नाव, पीडीएफ काढायची तर वेगळी परवानगी, प्रती संपून ठरावीक मुदतीत पुनर्मुद्रण झाले नाही तर सगळे हक्क, मांडणीच्या फाइलसकट, लेखकाकडे परत. त्याने तसा मसुदा पाठवला. समितीचे म्हणणे पडले की संस्थेच्या परंपरेत असले काही बसत नाही. त्याने हस्तलिखित दिलेले नाही.