60 च्या पाकिटात 46 ची तार

भोसरीतल्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर, जाडी मोजायचं साधन. दोन शतांश मिलिमीटरवरून लोकांचा माल परत पाठवतो. आणि मला चुना लागला तो गिटारच्या तारेच्या जाडीत. लिहायची लाज वाटते, पण तो माणूस अजून इन्स्टाग्रामवर 'ओरिजिनल इम्पोर्टेड' विकतोय.

माझी गिटार 24 इंच स्केलची, म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी. बँडसाठी ती सी स्टँडर्डला, म्हणजे नेहमीच्या सुरापेक्षा चार फ्रेट (चार अर्धस्वर) खाली उतरवायची होती. 10-46 च्या सेटमधली (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेचे, इंचाच्या हजाराव्या भागात) जाड तार तिथे जेमतेम 10 पौंडांवर येते, नुसती लोंबते. 60 ची लावली की ताण 17 पौंडांच्या आसपास, हाताला नेहमीसारखा. गणित माझं चोख होतं, हे नोंदवून ठेवा. दोन दुकानांत विचारलं, दहाच्या वरचा सेटच नाही. म्हणून या इन्स्टाग्रामवाल्याकडे गेलो. 12-60 चे सहा सेट, 1,150 ला एक, एकूण 6,900 रुपये. एकच का नाही घेतला? "सहा घेतले तरच हा भाव, दादा."

पुण्यात नळ स्टॉपला भेटला. पैसे आधी. स्क्रीनवर नाव भलत्याच बाईचं. "ताईचं अकाउंट आहे." बरं. मग पाकीट हातात आलं आणि '12-60' वर सहज नख फिरलं. कडा लागली. स्टिकर होता तो, खालच्या छपाईवर चिकटवलेला. नखाला कळलं हो! पण भुरभुर पाऊस, गाडी नो पार्किंगला, मागे बसचा हॉर्न. पाकिटं सॅकमध्ये टाकली. ते नख आठवलं की आजही झोप उडते.

वेळ वाचावा म्हणून नट (गिटारच्या मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) आधीच 60 च्या मापाने घासून घेतला होता, 1,200 रुपये. (तार मोजल्याशिवाय नटला कानस लावू देऊ नका.) घरी मोजली तर 1.17 मिलिमीटर, म्हणजे 46 ची. हवी 1.52. सहाही सेट तसेच. त्या रुंद खाचेत ती तार खुळखुळायला लागली, नवा नट 900. झाले 9,000. पाकिटावर नाव डॅडारिओ या तारांच्या कंपनीचं. त्यांच्या तारांच्या टोकाचे मणी रंगीबेरंगी असतात, यातले सगळे पिवळे. माहीत होतं मला. सीलबंद पाकिटातून दिसणार कसं?

चौकीत गेलो. "तारा? कपडे वाळत घालायच्या?" मग म्हणे पैसे मोबाइलवरून गेले, सायबरला जा. तिथे म्हणे माल हातात मिळाला, मग सायबर कसलं, चौकीत जा. पुन्हा चौकी. अर्ज लिहून आणा, स्क्रीनशॉटच्या दोन-दोन प्रती आणा, साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या. दोन हाफ डे गेले. तिसऱ्या खेपेला हवालदारांनी विचारलं, "वाजतंय का?" म्हटलं, वाजतं, पण... "मग फसवणूक कुठे झाली?"

बिल नाही म्हणून ग्राहक आयोगाकडे जायचा धीरच झाला नाही. बिल घ्याच. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच दिवशी फोन करा. मी आठवडा घालवला. जाड तार आधी एकच सुटी घ्या, मोजा, मग सेट.

उरलेल्या पाच सेटपैकी एक आईने गॅलरीतल्या गुळवेलीला बांधलाय. आठ दिवसांत गंजला.