घोट्याचा लेस-अप ब्रेस: मुसोमाच्या भाषाशाळेपासून आजवरचा अनुभव

गेले सात-आठ महिने हा ब्रेस माझ्या पायात आहे. ज्या कामासाठी मागवला ते काम त्याने चोख केलं, म्हणून सविस्तर लिहिते. मी वसईची, धर्मभगिनी आहे. आमच्या संस्थेने मला टांझानियात पाठवलं आणि कामाला हात घालण्याआधी स्वाहिली शिकायला चार महिने मुसोमा गावाबाहेरच्या एका भाषाशाळेत ठेवलं, व्हिक्टोरिया सरोवराच्या अगदी काठावर. तिथे संध्याकाळच्या व्हॉलीबॉलमध्ये माझा उजवा घोटा मुरगळला. मिशनरी प्रशिक्षणात असं होणारी मी एकटी नाही. दिवसभर बाकावर बसून व्याकरण करायचं आणि मग तासाभरात अंगातली सगळी रग मैदानावर काढायची, हे बहुतेक भाषाशाळांमध्ये चालतं. फादर फुटबॉल खेळतात, आम्ही व्हॉलीबॉल. कुणाचा गुडघा जातो, कुणाचा घोटा. अशा कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

नेटजवळ ब्लॉकसाठी उडी मारली आणि उतरताना पाय समोरच्या खेळाडूच्या बुटावर पडला. तळवा आत वळला, बाहेरच्या बाजूने कट्ट असा आवाज आला, आणि मिनिटाभरात तिथे लिंबाएवढा फुगा. आमच्या वर्गात एक पोलिश सिस्टर होती, मूळची नर्स. तिने आधी घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड, खालचा सहा सेंटिमीटरचा भाग, बोटाने दाबून पाहिला, मग पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड, मग आतल्या बाजूचं. शेवटी म्हणाली, चार पावलं टाकून दाखव. हाडावर दाबून दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. दोन्ही नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली हे नियम मांडले आणि आज जगभर वापरतात. एक्स-रेसाठी लांब जावं लागतं अशा ठिकाणी राहणाऱ्या प्रत्येकाने हे शिकून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. मला चार पावलं टाकता आली नाहीत. गावात जाऊन एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. बाहेरच्या बाजूचा पुढचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, अर्धवट फाटला होता. घोटा आत वळला की सगळ्यात आधी तोच जातो.

पहिला आठवडा कुबड्या आणि क्रेप बँडेज. वीज जात-येत असल्याने फ्रिजमध्ये बर्फ धरायचा नाही, म्हणून आमचा स्वयंपाकी मासळीच्या धक्क्यावरून फडक्यात बांधून बर्फ आणायचा. फोनवर आईचं एकच पालुपद, आंबेहळद उगाळून लाव आणि चोळू नकोस. आंबेहळद मुसोमात कुठली मिळणार? पण चोळू नकोस हे तिचं शंभर टक्के बरोबर होतं. ताज्या फाटलेल्या लिगामेंटला मालिश केलं तर आतला रक्तस्राव वाढतो. बर्फाबद्दल हल्ली मत बदललंय. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ही चौकडी १९७८ साली ज्या डॉ. गेब मिर्किननी रूढ केली, त्यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणं लांबू शकतं. ठणका सोसेनासा झाला तेवढाच बर्फ मी लावला. पाय उंच ठेवणं मात्र सोडलं नाही. वर्गातसुद्धा समोरच्या खुर्चीवर उशी आणि त्यावर पाय.

आता खरा मुद्दा. घोटा गेल्याने वर्ग बुडत नाही. शिकवणारे वर्गात येतात, तुम्हीही कुबड्या घेऊन पोहोचता. बुडते ती दुपार आणि संध्याकाळ. आमच्या शाळेत सकाळी व्याकरण आणि संवाद, आणि दुपारी गावात जाऊन बोलून यायचं: बाजारात टोमॅटोचा भाव करायचा, शिंपिणीशी बोलायचं, रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर कुणाच्या तरी घरी बसायचं. भाषा तिथे येते. खोलीत पाय उंच करून पडलं की कानावर काय पडणार? इतर विद्यार्थ्यांचं इंग्रजी. पहिल्या आठवड्यात माझं स्वाहिली पुढे सरकलंच नाही, उलट आलेलं विसरू लागले. त्यातच आमच्या संस्थेच्या प्रमुख मदरांचा फोन आला. त्यांनी मायेनेच विचारलं, परत येतेस का, पाय बरा झाला की पुढच्या बॅचला जा. त्या रात्री मला आमच्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची खूप आठवण आली. ते जपानला गेले, तिथली भाषा इतकी शिकले की फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषी झाले, आणि १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाले. त्यांच्या कष्टांपुढे माझा घोटा काहीच नव्हता. मी मदरांना सांगितलं, मला चालायला लावेल असं काहीतरी पाठवा, मी इथेच राहते. मुंबईहून येणाऱ्या एका फादरांबरोबर हा ब्रेस आला.

घोट्याचे सपोर्ट साधारण तीन तऱ्हेचे मिळतात. पहिला मोज्यासारखा चढवायचा लवचीक पट्टा. तो ऊब देतो, सूज थोडी धरतो, पण घोटा वळायचा थांबवत नाही. मी आधी तोच वापरला आणि पायरीवर पुन्हा पाय वाकडा होता होता वाचला. दुसरा दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या कडक पट्ट्या असलेला. पाऊल वर-खाली होतं, आत-बाहेर होत नाही. पहिल्या काही आठवड्यांना उत्तम, पण बुटात मावणं कठीण. तिसरा माझा: जाड कापडाचा, पुढून बुटासारखी नाडी, दोन्ही बाजूंना पातळ पट्ट्या आणि वरून आठच्या आकड्यात फिरणारे दोन वेलक्रोचे पट्टे. मुंबईत दीड हजाराच्या आसपास पडला.

ब्रेस आला त्याच आठवड्यात एक कुबडी सुटली, आणखी थोड्या दिवसांत दुसरी. चालणं हळू होतं, पण दुपारी गावात जाता येऊ लागलं. बाजारातली एकही बाई माझा पाय पाहून विचारल्याशिवाय पुढे गेली नाही. आधी "पोले सिस्टा" म्हणून हळहळ, मग काय झालं, कसं झालं, कुठे झालं, डॉक्टर काय म्हणाले. व्हॉलीबॉल खेळत होते, उडी मारली, पडले, घोट्याला लागलं, एवढी कहाणी मी इतक्या जणींना सांगितली की भूतकाळाची रूपं तोंडात बसली. एक म्हातारी भाजीवाली मला शेजारच्या खोक्यावर बसवून प्रत्येक वाक्य दुरुस्त करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायची. पायाला स्वाहिलीत जो शब्द आहे तो मी "म्गू" असा म्हटला की ती "म्गुऊ" असं ताणून म्हणे आणि माझ्या पायाला हात लावे. बिछान्यात राहिले असते तर ही शिकवणी मिळाली नसती.

आमचा वर्ग बुटियामाला गेला तेव्हाही ब्रेसमुळेच जाता आलं. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं ते जन्मगाव आणि तिथेच त्यांची समाधी. त्यांचं घर मोठमोठ्या खडकांमध्ये आहे, वाट खडबडीत. १९५५ साली शिक्षकाची नोकरी सोडून ते गावी परतले तेव्हा त्यांनी मेरीनोल या अमेरिकन मिशनरी संघाच्या एका धर्मगुरूंना आपली झनाकी भाषा शिकवली होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस एका मिशनऱ्याचा भाषाशिक्षक! २००५ साली मुसोमा धर्मप्रांताने त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू केली. त्या खडकांवर मी सगळ्यांच्या मागून पण स्वतःच्या पायांनी चढले, याचा मला फार आनंद आहे.

ब्रेसच्या उणिवा आता. नाडी नीट आवळायला वेळ लागतो. पहाटेच्या प्रार्थनेला जाताना घाई झाली की ती सैल राहते, आणि सैल ब्रेस म्हणजे ब्रेस नाहीच. चपलेत किंवा सँडलमध्ये घालता येत नाही, नाडीचा बूटच लागतो आणि तोही नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा. ब्रेसची जीभ (नाडीखालचं कापड) पुढे दुमडते तिथे घासून कातडं लाल होतं. आत पातळ सुती मोजा उंच ओढून घ्यावा. मुसोमाची लाल धूळ वेलक्रोत अडकून तो धरेनासा होतो. जुन्या टूथब्रशने आठवड्यातून एकदा घासलं की पुन्हा चिकटतो. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, तेव्हा धुतलेला ब्रेस लवकर वाळत नाही आणि कुबट वास मारतो. म्हणून दोन घ्यावेत. मला दुसरा उशिरा मिळाला. सहाव्या महिन्यात बाहेरच्या बाजूची पट्टी शिवणीतून बाहेर डोकावू लागली. बाजारातल्या चांभाराने, इथे त्याला फुंडी म्हणतात, सायकलच्या ट्यूबचा चौकोन कापून तिथे ठिगळ लावलं आणि जाड दोऱ्याने शिवून दिलं. ते ठिगळ मूळ शिवणीपेक्षा मजबूत निघालं.

दोन गोष्टी ब्रेसने होत नाहीत. एक म्हणजे गुडघे टेकणं. पाऊल मागे सपाट ताणलं जातं तेव्हा घोट्याची पुढची बाजू ओढते आणि ब्रेसची कड तिथेच रुतते. काही आठवडे मी मिस्सेत उभीच राहिले. कुणी काही म्हटलं नाही, उलट एका आजीने बाक पुढे सरकवून दिला. दुसरं म्हणजे उकिडवं बसणं. इथली बरीच संडासं आपल्यासारखीच, बसकी. मुरगळलेला घोटा पुढे झुकत नाही, टाच उचलली जाते आणि तोल मागे जातो. याबद्दल कुठलंही माहितीपत्रक बोलत नाही, पण खेड्यात राहणाऱ्याची रोजची अडचण हीच. यावर उपाय ब्रेस काढून करायचा: भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, आणि बोटं भिंतीपासून हळूहळू मागे सरकवायची. दोन्ही पायांचं अंतर टेपने मोजून वहीत लिहीत गेले. उजव्याचं अंतर डाव्याच्या जवळ आलं तेव्हा उकिडवं बसणंही जमलं.

व्यायामाचं महत्त्व मला मुंबईच्या फिजिओताईंनी फोनवर पटवलं. त्यांनी नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासांबद्दल सांगितलं. २००९ साली छापून आलेल्या अभ्यासात घोटा मुरगळलेले ५२२ खेळाडू होते; ज्यांनी घरच्या घरी आठ आठवडे तोल सांभाळायचे व्यायाम केले, त्यांच्यात पुन्हा मुरगळण्याचा धोका सुमारे ३५ टक्के कमी झाला. २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात वर्षभर खेळताना ब्रेस वापरणाऱ्यांना नुसत्या व्यायामापेक्षाही जास्त संरक्षण मिळालं. पण ब्रेस बांधला म्हणून पोटरीची ताकद वाढत नाही, असं ताईंनी बजावलं. मग रोज दात घासताना उजव्या पायावर उभं राहायचं आणि त्या वेळी मनात स्वाहिलीचे नामवर्ग (नामांचे व्याकरणातले गट) म्हणायचे. रबरी पट्टा विकत मिळेना. सायकलवर ओझं बांधायला इथे ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून विकतात, त्यातली एक पलंगाच्या पायाला बांधून पाऊल बाहेर ढकलायचा व्यायाम केला. ताईंनी पाण्यात चालायलाही सुचवलं होतं. समोर एवढं मोठं सरोवर, पण त्यात उतरायचं नाही, कारण काठच्या पाण्यात गोगलगायींमधून पसरणारा बिलहार्झिया हा कृमींचा रोग आहे. इथली माणसं त्याला किचोचो म्हणतात. परदेशातून आलेल्या कुणीही पायाच्या व्यायामासाठी तिथे उतरू नये.

ज्यांना दाबल्यावर हाडावर दुखतंय किंवा सुजलेला पाय बधीर वाटतोय, त्यांनी ब्रेस मागवत बसू नये, आधी डॉक्टर गाठावा. मोजमाप सूज उतरल्यावर घ्यावं. माझा पहिला ब्रेस सुजलेल्या पायाच्या मापाचा, त्यामुळे तीन महिन्यांत नाड्या पूर्ण आवळूनही कापड कापडाला टेकू लागलं. दुसरा एक नंबर लहान मागवला, तो बरोबर बसतो. भाषाशाळा संपून आता मी एका धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) शाळेत शिकवते. घरात आणि वर्गात ब्रेसशिवाय वावरते. मुरुमाच्या रस्त्याने वस्तीवर जाताना आणि मुलींबरोबर व्हॉलीबॉल खेळताना बांधतेच, आणि फिजिओताईंनी सांगितलंय तसं वर्ष पूर्ण होईपर्यंत बांधणार आहे. तिसरा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन, फक्त सोबत सुती मोज्यांच्या दोन जोड्या जास्तीच्या मागवेन.