एका रबरी रिंगसाठी भिंत फोडून घेतली

भिंत फोडायची काहीही गरज नव्हती. गळत होता सिंकखालच्या बॉटल ट्रॅपच्या (सांडपाणी ज्यातून जातं त्या बाटलीसारख्या भागाच्या) वरचा नट. त्यातली रबरी रिंग बदलली असती की काम संपलं असतं. त्याऐवजी प्लंबरच्या बिलात लागलं ते असं: ४० मिमी पाइप ६ मीटर, एल्बो (वळणाचा जोड) ४, टी (तीन तोंडांचा जोड) १, नवा ट्रॅप, नवं वेस्ट कपलिंग (सिंकच्या भोकात बसणारा भाग), तोडफोड, टाइल्स. फोनवर सांगितलेल्या रकमेच्या बरोबर अकरा पट! नंतर टेपने मोजलं, तर ट्रॅपपासून भिंतीत फोडलेल्या खाचेच्या टोकापर्यंत पाइप भरला १ मीटर १० सेंटिमीटर. एल्बो दोनच.

आधी घाबरवायचं, मग फोडायचं, फोडल्यावर आकडा वाढवायचा, हे सगळ्यांनाच माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी फसले, म्हणून जास्त संताप होतो.

प्लंबर म्हणाला, "ताई, भिंतीतला पाइप गेलाय." मी टॉर्च मारला. पाइप भिंतीत शिरतो तिथे कॉलरभोवती (पाइपवरच्या गोल चकतीभोवती) कोळ्याचं जाळं होतं. कोरडं, धुळीने भरलेलं. मी ते पाहिलं! पाणी तिथून येत असतं तर जाळं राहिलं असतं का? ओल होती ती कॉलरच्या बरीच खाली, सिंकखालच्या फळीलगत. ट्रॅपवरून ठिबकलेलं पाणी फळीवर साचून भिंतीला लागलं होतं. नळ बंद केला की दोन मिनिटांत ठिबक थांबत होती, म्हणजे दाबाच्या लाइनचाही (नळाला पाणी आणणाऱ्या पाइपचाही) प्रश्न नव्हता. इतकं सगळं डोळ्यांसमोर असताना मी मान डोलावली. फळी फुगलेली, तीन दिवस बादली लावून भांडी घासणं चाललेलं, आणि तो डोक्याशी उभा राहून "लवकर सांगा, पुढचं काम आहे" म्हणतोय. अशा वेळी कोणीही हो म्हणालं असतं.

कोणालाही बोलवायच्या आधी सगळे पाइप फडक्याने कोरडे करा. सिंकला बूच लावून ते भरा आणि पाच मिनिटं थांबा. बूच काढायच्या आधीच कपलिंगखाली ओल आली तर दोष कपलिंगच्या गॅस्केटचा (रबरी चकतीचा). मग बूच काढून सगळं पाणी एकदम सोडा आणि प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर फिरवा, वरून खाली. पहिला ओला होणारा जोड तोच दोषी. खालचे सगळे ओघळाने भिजतात.

नवव्या दिवशी पुन्हा गळलं, त्याच जागी. या वेळी मीच नट उघडला. निमुळती रिंग उलटी बसवलेली! तिची सपाट बाजू नटाकडे आणि निमुळती बाजू ट्रॅपच्या तोंडात जायला हवी. आट्यांवर प्लंबरच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे. या जोडात पाणी रिंग अडवते, आटे नाही. टेपने नट फक्त तिरका चढतो. वर पान्याने इतका आवळलेला की प्लास्टिकला चीर गेलेली. हा नट हाताने घट्ट करायचा, लागलंच तर वर पाव फेरा. इपॉक्सी पुट्टी लावतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तेलकट प्लास्टिकवर ती धरत नाही आणि पुढच्या वेळी जोड उघडतही नाही.

आता तक्रारीचं ऐका. ज्या सेवेतून माणूस आला तिथे सांगितलं, "तुम्ही ओटीपी दिलात, म्हणजे काम मान्य केलंत." काम संपायच्या आधी ओटीपी देऊ नका! पोलीस चौकीत पाऊण तास बसवून "हा दिवाणी मामला" म्हणाले. ग्राहक तक्रार कक्षाने शिक्क्याचं बिल मागितलं. माझ्याकडे हाताने लिहिलेला कागद. मग जुन्या पाइपचे फोटो मागितले. जुना ट्रॅप आणि पाइप तो "भंगार आहे" म्हणत पिशवीत घालून घेऊन गेला होता. मग अर्ज पुन्हा भरा, मग कागद अपुरे, मग अर्ज बंद. तीन तक्रार क्रमांक मिळाले, एकानेही त्या माणसाला साधा फोन केला नाही. चोराला पुरावा पिशवीत भरून नेता येतो आणि पुरावा नसल्याचा दोष आपल्यावर येतो, हा कुठला न्याय?

काढलेला प्रत्येक तुकडा आपल्याच घरात ठेवून घ्या. भिंत फोडण्याआधी ओल नेमकी कुठून येते ते टिश्यूवर दाखवायला सांगा; दाखवत नसेल तर छिन्नी लावू देऊ नका. पाइप मीटरने मोजून बिलाशी ताडा.

नवा नट आणि सुलट बसवलेली रिंग, एवढ्यावर आता जोड कोरडा आहे. भिंतीतला नवा पाइप कशासाठी घातला, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.