पायइन्स्टॉलर आणि इनो सेटअप: वाचनालयाच्या काउंटरवर डबल क्लिकने उघडतं, फक्त वनफाइलच्या नादी लागू नका

पायइन्स्टॉलर पायथनच्या प्रोग्रामची ईएक्सई, म्हणजे विंडोजवर टिचकीने चालणारी फाइल, बनवतो आणि इनो सेटअप तिला इन्स्टॉल करायची सेटअप फाइल बनवतो. रेटिंग आधीच देऊन टाकते. पायइन्स्टॉलरला पाचपैकी चार, इनो सेटअपला पूर्ण पाच. ज्यांनी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलाय आणि आता तो दुसऱ्याच्या विंडोज मशिनवर चालवायचाय, जिथे पायथन नाही, नेटचा भरवसा नाही आणि समोर बसणाऱ्याला टर्मिनल काय ते माहीत असण्याची गरजही नाही, त्यांनी हे वाचावं.

आमच्या इंदूरला रामबागेच्या बाजूला एक छोटं मराठी वाचनालय आहे, पुस्तकांची देवघेव आत्ताआत्तापर्यंत रजिस्टरातच चालायची. तिथल्या काकांसाठी मी टिकिंटर (खिडक्या-बटणं बनवणारी पायथनची लायब्ररी) आणि एसक्यूलाइट (एका फाइलीतला डेटाबेस) यांवर देवघेवीचा प्रोग्राम केला, सभासद, पुस्तक, तारीख, थकलेली वर्गणी एवढंच. काउंटरवरचा कम्प्युटर जेल रोडवरून जोडून आणलेला, विंडोज हिंदीत, युजरचं नावसुद्धा देवनागरीत. माझा लॅपटॉप उबंटू लिनक्सचा. म्हणजे माझ्याकडे चालतं याला तिथे काडीची किंमत नाही, काकांनी आयकॉनवर दोनदा टिचकी मारली आणि खिडकी उघडली तरच ते चाललं.

पायइन्स्टॉलर नेमकं हेच काम करतो. तुमचा कोड, पायथनचा इंटरप्रिटर आणि लागणाऱ्या लायब्ऱ्या एकत्र बांधून ईएक्सई देतो, समोरच्याला पायथन टाकावं लागत नाही. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि लायसन्सची अट अशी की त्यात बांधलेला तुमचा प्रोग्राम तुम्ही विकूही शकता. पण एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या, हा लिनक्सवर बसून विंडोजचा ईएक्सई बनवत नाही. ज्या सिस्टिमसाठी पाहिजे त्याच सिस्टिमवर बांधावं लागतं, ३२ बिटचा पाहिजे तर पायथनही ३२ बिटचाच लागतो. आणि काउंटरवर अजून विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही, त्यानंतरच्या आवृत्त्यांनी विंडोज ७ सोडलंय. म्हणून कोड लिहायच्या आधी समोरच्याचं मशिन बघून या, हे मी सगळ्यांना सांगते.

आता वनफाइल आणि वनडिर, म्हणजे पायइन्स्टॉलरने बांधायच्या दोन पद्धती, एकच फाइल किंवा अख्खं फोल्डर. यूट्यूबवर बघाल तर बरेच जण वनफाइलच शिकवतात, कारण एकच फाइल मिळते, पेनड्राइव्हवर टाकली की झालं. दिसायला छान आहे खरं, पण आत काय होतं बघा. दर वेळी उघडताना ती फाइल स्वतःमधला सगळा माल टेम्प फोल्डरमध्ये सोडते, एमईआय आणि पुढे काही आकडे-अक्षरं अशा नावाचं फोल्डर करून, मग तिथून प्रोग्राम चालतो आणि बंद केला की ते फोल्डर पुसतं. जुन्या हार्ड डिस्कवर हे सोडणं चांगलंच जाणवतं, खिडकी येईपर्यंत माणूस परत टिचकी मारतो आणि मग दोन-दोन खिडक्या उघडतात. मध्येच लाइट गेली तर ते फोल्डर तसंच पडून राहतं आणि टेम्पमध्ये कचरा साचत जातो. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे प्रोग्रामने आपला डेटाबेस कोडच्या शेजारी ठेवला असेल तर वनफाइलमध्ये तो त्या टेम्प फोल्डरातच बनतो आणि प्रोग्राम बंद केला की त्याच्याबरोबर साफ होतो. दिवसभराची देवघेव गेली! वाचनालयात हे चालणारच नाही.

वनडिरमध्ये एक फोल्डर मिळतं, त्यात ईएक्सई आणि बाकी सामान. २०२३ मध्ये आलेल्या ६.० पासून हे सामान इंटर्नल नावाच्या आतल्या फोल्डरात जातं, त्यामुळे वर ईएक्सई एकटी उठून दिसते, आधी शंभर फाइलींमध्ये ती शोधावी लागायची. उघडायलाही पटकन उघडतं, कारण सोडायला काही नसतंच. फोल्डरचा पसारा दिसतो अशी तक्रार असते, पण तो पसारा लपवायलाच तर इनो सेटअप आहे, त्याच्यावर येतेच.

चित्रं, फॉन्ट, नमुन्याच्या फाइली हे सगळं पायइन्स्टॉलर आपणहून उचलत नाही, ॲड-डेटा हा पर्याय लिहून सांगावं लागतं. आणि कोडमध्ये त्यांचा रस्ता नुसत्या नावाने दिला तर गडबड होते, कारण नुसतं नाव म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरातून सुरू झाला तिथलं, आणि डेस्कटॉपच्या शॉर्टकटवरून ते फोल्डर कुठलंही असू शकतं. रस्ता नेहमी कोडच्या स्वतःच्या फाइलवरून काढा, मग लॅपटॉपवरही चालतं आणि बांधल्यावरही चालतं. तसंच इम्पोर्टचं, तो कोड वाचून ओळखतो की काय काय लागणार आहे, पण एखादी लायब्ररी चालता चालता नाव जुळवून दुसरं मॉड्यूल उचलत असेल तर ते त्याला दिसत नाही, ते हिडन-इम्पोर्ट म्हणून द्यावं लागतं. बिल्ड फोल्डरात वॉर्न नावाने सुरू होणारी एक टेक्स्ट फाइल बनते, न सापडलेल्या मॉड्यूलांची यादी त्यात असते. यादी लांबलचक असते आणि त्यातलं बरंच निरुपद्रवी असतं, तरी वाचा, उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

काळी खिडकी हा वेगळाच विषय आहे. बांधताना नो-कन्सोल हा पर्याय दिला नाही तर प्रोग्रामच्या मागे काळी कन्सोलची खिडकी उघडी राहते, आणि काकांनी पहिलंच विचारलं, "अगं, ही काळी बंद केली तर चालेल ना?" नाही चालत, ती बंद केली की प्रोग्रामही बंद होतो. म्हणून काउंटरवर द्यायची आवृत्ती नो-कन्सोलच पाहिजे. पण तपासायची आवृत्ती मुद्दाम कन्सोलसकट बांधा, एरर आला तर तिथे पूर्ण वाचता येतो. आणखी एक, नो-कन्सोलमध्ये आउटपुटला जागाच नसते, साधा प्रिंट गुपचूप निघून जातो पण एखादी लायब्ररी थेट आउटपुटवर लिहायला गेली की प्रोग्राम तिथेच पडतो. दोन्ही आवृत्त्या चालवून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

मराठीवाल्यांसाठी खास. फाइल उघडताना यूटीएफ-८ ही एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, स्पष्ट लिहाच, लिनक्सवर तेच गृहीत असतं पण विंडोजवर पायथन सिस्टिमची एन्कोडिंग घेतो आणि मग कुलकर्णींच्या जागी कचरा दिसतो किंवा फाइल उघडतच नाही. फॉन्टसाठी निर्मला यूआय विंडोज ८ पासून आत असतोच, त्याच्या आधीच्यांवर मंगल असतो, त्यामुळे स्क्रीनपुरता वेगळा फॉन्ट बांधायची गरज पडली नाही. युजरचं नाव देवनागरीत असल्याने सगळ्या रस्त्यात देवनागरी येते, त्याची मला काळजी होती, पण पायइन्स्टॉलरने ते नीट पेललं, याचं मनापासून कौतुक.

एक स्टार कापला तो अँटीव्हायरससाठी. पायइन्स्टॉलरच्या सगळ्या ईएक्सईंना सुरुवातीचा तुकडा, म्हणजे बूटलोडर, एकसारखाच असतो आणि व्हायरस लिहिणारेही तोच वापरतात, त्यामुळे काही अँटीव्हायरस निर्दोष प्रोग्रामलाही पकडतात आणि फाइल गायब करतात. वनफाइलवर हे जास्त होतं, यूपीएक्सने (ईएक्सई दाबून लहान करणारं टूल) दाबलेल्यावरही. वनडिर ठेवा, यूपीएक्स बंद ठेवा, आणि जमलं तर बूटलोडर स्वतःच्या मशिनवर कंपाइल करून घ्या, बराच फरक पडतो. यात चूक पायइन्स्टॉलरची आहे असं नाही, पण नवीन माणूस इथेच घाबरून सोडून देतो आणि हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पाहिजे होतं असं मला वाटतं.

आता इनो सेटअप. जॉर्डन रसेल यांनी १९९७ मध्ये पहिल्यांदा आणलेलं आणि अजून नियमित सुधारत असलेलं टूल, आमच्यासारख्या बिनकमाईच्या कामाला फुकट. वनडिरचं फोल्डर द्या, एक छोटी स्क्रिप्ट लिहा, आणि हातात एकच सेटअप फाइल येते. म्हणजे वनफाइलवाल्यांना जी एक फाइल पाहिजे असते ती इथे मिळतेच, फक्त माल एकदाच सोडला जातो, रोज नाही. डेस्कटॉपचा आयकॉन, स्टार्ट मेनू, अनइन्स्टॉल, सगळं त्यात. शॉर्टकटला वर्किंग डिरेक्टरी देता येते, ती द्याच. स्क्रिप्टमध्ये प्रिव्हिलेजेस रिक्वायर्डला लोवेस्ट ठेवलं तर ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, आणि वाचनालयाच्या मशिनचा तो पासवर्ड कुणाला आठवतोय असं होत नाही. सेटअपच्या खिडकीतली वाक्यं मेसेजेस विभागात स्वतः लिहिता येतात, आमच्या सेटअपवर पुढे, मागे, रद्द करा असं मराठीत येतं आणि काकांना ते फार आवडलं, एकही बटण विचारून दाबावं लागलं नाही.

डेटाबेस मात्र प्रोग्रामच्या फोल्डरात ठेवू नका, तो प्रोग्राम फाइल्समध्ये बसवला असेल तर तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते. युजरच्या लोकल ॲपडेटा फोल्डरात प्रोग्रामच्या नावाचं फोल्डर करून तिथे ठेवा. इनो सेटअप अनइन्स्टॉल करताना फक्त त्याने स्वतः टाकलेल्या फाइली काढतो, त्यामुळे कुणी चुकून प्रोग्राम काढला तरी देवघेव शाबूत राहते.

सेटअप व्हॉट्सॲप किंवा मेलवरून डाउनलोड करून उघडला तर विंडोज निळी खिडकी दाखवून अडवतं, कारण फाइलवर डिजिटल सही नाही. सहीचं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागतं आणि ते मुदतीचं असतं, वाचनालयाला तो खर्च कशाला. पेनड्राइव्हने नेलं तर आमच्याकडे ती खिडकी आलीच नाही. दूरच्या कुणाला पाठवत असाल तर मोअर इन्फो दाबून रन एनीवे दाबायचं, हे आधी फोनवर सांगून ठेवा.

तपासायला कोरं मशिन लागतं, तुमच्या विंडोजवर पायथन असल्याने राहिलेली फाइल तिथे कधीकधी लपून जाते. विंडोज प्रो असेल तर त्यात विंडोज सँडबॉक्स मिळतो, दर वेळी कोरा उघडतो, होम आवृत्तीत तो नाही. आणि नवी आवृत्ती देताना स्क्रिप्टमधला ॲपआयडी, म्हणजे प्रोग्रामची ओळख, तोच ठेवा, मग ती जुन्यावरच बसते, चालू असलेला प्रोग्राम आधी बंद करायला सांगते आणि डेस्कटॉपवर एकाच प्रोग्रामचे दोन आयकॉन होत नाहीत.