इश्ताबेन्तून: मध आणि बडीशेपेचे युकातानी मद्य

बोटीवर नोकरीला असलेल्या आतेभावाने मेक्सिकोच्या युकातान भागातून आणलेली इश्ताबेन्तूनची बाटली आम्ही गेल्या महिन्यात वेंगुर्ल्याच्या घरी उघडली आणि चार-पाच रात्री जेवणानंतर थोडी थोडी चाखून पाहिली.

रम, मध आणि विलायती बडीशेप यांपासून केलेल्या या गोड मद्याला ज्या वेलीचे नाव आहे, ती पांढऱ्या फुलांची वेल आपल्या पुळणीवरच्या मर्यादवेलीच्याच कुळातली आहे आणि तिच्या फुलांचा मध हा या मद्याचा पारंपरिक आधार मानला जातो. युकातानचे मूळ रहिवासी असलेले माया लोक बालचे नावाच्या झाडाची साल व मध पाण्यात आंबवून धार्मिक विधींसाठी पेय करीत आणि इश्ताबेन्तूनचे मूळ त्या पेयात सांगितले जाते. बडीशेप आणि उसाची रम मात्र स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे पोहोचली. म्हणजे बाटलीत माया लोकांचे असे जे काही आहे ते मधच, आणि म्हणून या मद्याची पारख मधावरूनच व्हावी असे मला वाटते.

पेला नाकाशी नेला की जेवणानंतर बडीशेपेची डबी उघडावी तसा वास येतो. मध मागाहून, घोट गिळल्यावर कळतो, आणि मग बराच वेळ घशाशी रेंगाळतो. ही चव मला मनापासून आवडली. मात्र गोडवा इतका दाट आहे की दुसरा पेला नकोसा होतो. खापरोळ्यांबरोबर घेण्याचा प्रयोग साफ फसला, कारण नारळाच्या गूळ घातलेल्या रसापुढे मधाचा पत्ताच लागेना. तळलेल्या सुरमईच्या जेवणानंतर बर्फाचा एक मोठा खडा घालून, सोबत खारे काजू घेऊन ते उत्तम लागले, आणि बिनसाखरेच्या कोऱ्या कॉफीत दोन चमचे घातले तेव्हा त्याहूनही चांगले.

एक तक्रार आहे. युकातानात डंख नसलेल्या माश्या पोकळ ओंडक्यांत पाळण्याची माया लोकांची जुनी परंपरा आहे आणि त्यांचा पातळ, किंचित आंबूस मध थोडाच मिळत असल्याने मोलाचा समजला जातो. आमच्या बाटलीवर नुसताच ‘मध’ असा उल्लेख होता. तो कोणत्या माशीचा, हे कुठेही लिहिलेले नव्हते. पुढच्या खेपेला आतेभावाला मी हे दुकानात विचारूनच बाटली घ्यायला सांगितले आहे.